आवाजाला वाट न देणारी रचना : फोनॉनिक क्रिस्टलची ओळख

पोलादाच्या अनेक पोकळ नळ्या उघड्या बागेत समान अंतरावर उभ्या केल्या आहेत, अशी कल्पना वाचकांनी करावी. त्यांच्यामधून वारा सहज वाहतो, उजेड आरपार जातो, पलीकडे उभा असलेला माणूस दिसतो. शेजारच्या दोन नळ्यांमध्ये चांगले सात सेंटिमीटर रिकामे अंतर आहे. तरीही एका ठरावीक स्वराचा आवाज या मोकळ्या जागेतून पलीकडे जाताना स्पष्टपणे क्षीण होतो. त्याहून जाड किंवा त्याहून बारीक स्वर मात्र फारसा अडथळा न होता पुढे जातात. भिंत नाही, दार नाही, कापूस वा कांबळे नाही. मग आवाज अडतो कशाने?

या प्रश्नाचे उत्तर ज्या शास्त्रात आहे, त्याच्या केंद्रस्थानी 'फोनॉनिक क्रिस्टल' नावाची रचना आहे. 'फोने' या ग्रीक शब्दाचा अर्थ आवाज. घन पदार्थात जी कंपने सतत चालू असतात, त्यांच्या सर्वांत लहान अंशाला भौतिकशास्त्रज्ञ 'फोनॉन' म्हणतात. त्यावरून हे नाव आले. मराठीत त्याला 'ध्वनिस्फटिक' म्हणावयास हरकत नाही. आम्ही व्यवसायाने इतिहासाचे शिक्षक आहोत. प्रयोगशाळेपेक्षा दप्तरखान्यात आमचा अधिक वावर. परंतु एखादी कल्पना एका क्षेत्रात जन्म घेते, दुसऱ्या क्षेत्रात वाढते आणि तिसऱ्याच ठिकाणी फळाला येते, हा प्रवास इतिहासाच्या अभ्यासकाला नेहमीच आकर्षित करतो. ध्वनिस्फटिकाचा प्रवास तसाच आहे. तो समजण्यास नववी-दहावीच्या विज्ञानाइतकीच शिदोरी पुरते, म्हणून शाळेचे माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर तो मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

संमिश्र पदार्थ : जुनी ओळख

दोन किंवा अधिक पदार्थ एकत्र आणून, त्यांपैकी एकट्याकडे नसलेला गुण मिळविणे, हे माणसाचे फार जुने कसब आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या घराची कुडाची भिंत आठवावी. नुसत्या कामट्या उभ्या केल्या तर वारा-पाऊस आत येतो. नुसती माती थापली तर ती वाळून तडकते. कामट्यांच्या जाळीवर शेणमातीचा लेप बसला की दोघांचे उणेपण भरून निघते. आजच्या इमारतीतील सळई घातलेले काँक्रीट हे त्याच तत्त्वावर उभे आहे. अशा पदार्थांना शास्त्रात संमिश्र पदार्थ म्हणतात.

या नेहमीच्या संमिश्र पदार्थांकडून आपली अपेक्षा बहुधा मजबुतीची असते. काँक्रीटमध्ये खडीचा एक खडा दुसऱ्यापासून नेमका किती अंतरावर पडला, याची गवंडी चिंता करीत नाही. प्रमाण बरोबर असले म्हणजे झाले. ध्वनिस्फटिकही संमिश्र पदार्थच आहे, पण येथे प्रमाणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व मांडणीला आहे. एका पदार्थाच्या पोटात दुसऱ्या पदार्थाचे गोळे, दांडे किंवा थर काटेकोर समान अंतराने, पुनःपुन्हा त्याच क्रमाने बसवावे लागतात. तेच घटक तेवढ्याच प्रमाणात घेऊन वेडेवाकडे कालविले, तर आवाज थोडाफार विखुरतो. परंतु समान अंतरामुळे एखाद्या स्वराला होणारी नेमकी मनाई नाहीशी होते. घटक तेच राहतात आणि केवळ अंतराच्या शिस्तीने नवा गुण निर्माण होतो, ही या विषयातील मुख्य गोष्ट आहे.

मिठाच्या खड्यातील धडा

ही शिस्त माणसाने निसर्गाकडून शिकली. १९१२ साली जर्मनीतील म्युनिक येथे माक्स फॉन लाउए यांच्या सूचनेवरून स्फटिकातून क्ष-किरण सोडण्यात आले, तेव्हा पलीकडील फोटोच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लॉरेन्स ब्रॅग या तरुणाने तिचा सोपा अर्थ लावला. स्फटिकातील अणू एकावर एक अशा समांतर थरांत बसलेले असतात. प्रत्येक थर किरणांचा अल्पसा भाग परत पाठवितो. एकामागून एक थरांवरून परतलेल्या लाटा एका तालात जुळल्या की त्या विशिष्ट दिशेला ठळक परावर्तन होते. वडील विल्यम ब्रॅग यांच्यासमवेत त्यांनी पुढे रोजच्या मिठाची अणुरचनाही उलगडून दाखविली. १९१५ चे नोबेल पारितोषिक पिता-पुत्रांना मिळाले, तेव्हा लॉरेन्स पंचवीस वर्षांचे होते.

येथे तालाचा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. लेझीमच्या पथकात एका मुलाचा झंकार मैदानाच्या टोकापर्यंत पोहोचेलच असे नाही. शंभर मुलांनी एकाच ठेक्यावर लेझीम झाडली तर गाव जागा होतो. शंभर जणांनी आपापल्या मनाने झाडली तर नुसता गलबला होतो. स्फटिकातील थरांचेही तसेच. एकेका थरावरून परतणारी लाट दुर्बळ असते. परंतु मागच्या थरावरून परतलेली लाट पुढच्या थराच्या लाटेपेक्षा नेमकी एक तरंगलांबी मागे असेल, तर शिखरावर शिखर बसते आणि सर्व दुर्बळ लाटा मिळून प्रबळ होतात. पुढे जाऊ पाहणाऱ्या लाटेची शक्ती थराथराला परत फिरविली जाते आणि पुढे जावयास फारसे काही उरत नाही.

लाट समोरून येत असेल, तर मागच्या थरापर्यंत जाऊन परत येण्यात तिला दोन थरांमधील अंतराच्या दुप्पट वाट अधिक चालावी लागते. म्हणून नियम असा होतो, की तरंगलांबी ही थरांमधील अंतराच्या दुप्पट असली की ती लाट अडते. अणूंमधील अंतर एका मिलिमीटरच्या कोट्यवधीव्या भागाच्या पातळीवर असते, म्हणून तेथे क्ष-किरण लागतात. परंतु नियमात अणूंचे असे वेगळे काहीच नाही. तो कोणत्याही लाटेला आणि कोणत्याही नियमित रचनेला लागू आहे. आवाजाच्या लाटा काही सेंटिमीटरांपासून काही मीटरांपर्यंत लांब असतात. तेव्हा अणूंच्या जागी नळ्या आणि क्ष-किरणांच्या जागी आवाज घेतला, तर हाच खेळ उघड्या डोळ्यांना दिसेल अशा आकारात मांडता येईल. १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत अनेक भौतिकशास्त्रज्ञांनी गणिताने असे दाखविले, की दोन भिन्न पदार्थांच्या नियमित रचनेत काही वारंवारतांच्या कंपनांना कोणत्याही दिशेने वाट उरत नाही. वारंवारतांच्या या पट्ट्याला आपण 'निषिद्ध पट्टा' म्हणू.

माद्रिदचे शिल्प

गणिताला प्रत्यक्षाचा पुरावा मिळाला तो एका कलाकृतीतून. युसेबिओ सेम्पेरे हे स्पेनमधील एक नामवंत शिल्पकार. माद्रिद शहरातील हुआन मार्च प्रतिष्ठानाच्या आवारात त्यांचे एक शिल्प उभे आहे. चार मीटर व्यासाच्या गोल चौथऱ्यावर चकचकीत पोलादाच्या पोकळ नळ्या चौरस जाळीत रोवलेल्या आहेत. नळीचा व्यास २.९ सेंटिमीटर आणि एका नळीच्या मध्यापासून शेजारच्या नळीच्या मध्यापर्यंतचे अंतर १० सेंटिमीटर. प्रकाश आणि रेषा यांच्या खेळासाठी रचलेली ही वस्तू. सेम्पेरे १९८५ साली वारले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९९५ साली, स्पेनमधील काही भौतिकशास्त्रज्ञांनी या शिल्पाच्या एका बाजूस ध्वनिक्षेपक व दुसऱ्या बाजूस ध्वनिग्राहक ठेवून मोजमाप केले. शिल्प आपल्या उभ्या अक्षाभोवती फिरू शकते, त्यामुळे आवाज वेगवेगळ्या दिशांनी आत शिरला तर काय होते, हेही तपासता आले. १६७० हर्ट्झच्या आसपास आवाज ठळकपणे क्षीण होतो, असे त्यांना आढळले, आणि हा निष्कर्ष 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आता वाचकांनी स्वतः हिशेब करून पाहावा. दहावीपर्यंत शिकलेल्या प्रत्येकाला सूत्र ठाऊक आहे : वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी. नळ्यांमधील अंतर १० सेंटिमीटर, म्हणजे अडणारी तरंगलांबी २० सेंटिमीटर, अर्थात ०.२ मीटर. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. ३४० ला ०.२ ने भागले की १७०० येतात. मोजलेला आकडा १६७०. शिल्पकाराने डोळ्यांसाठी ठरविलेल्या अंतरात कानांसाठीचा एक नियम दडून बसला होता, आणि तो उघड करावयास शालेय गणित पुरेसे ठरले.

मात्र या प्रयोगाचे मोल ठरविताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. दर १०० चौरस सेंटिमीटर जागेत नळीने व्यापलेला भाग जेमतेम साडेसहा चौरस सेंटिमीटर आहे. एवढ्या विरळ रचनेत आवाज काही दिशांनी अडतो, काही दिशांनी वाट काढतो. सर्व दिशांनी एकच पट्टा बंद व्हावयाचा असेल, तर नळ्या अधिक दाट हव्यात. शिवाय आवाज येथे नष्ट होत नाही, गिळलाही जात नाही; तो उलट फिरतो. पलीकडे शांतता मिळते ती अलीकडे आवाज परत पाठवून.

रचनाकाराच्या हातातील चार गोष्टी

ध्वनिस्फटिक घडविणाऱ्याला मुख्यतः चार निर्णय घ्यावे लागतात.

पहिला निर्णय पदार्थांच्या जोडीचा. दोन पदार्थांच्या सीमेवर लाट किती परतेल, हे त्या प्रत्येकाची घनता आणि त्यातील ध्वनीचा वेग यांच्या गुणाकारावरून ठरते. हवेसाठी हा गुणाकार सुमारे चारशे येतो, तर पोलादासाठी साडेचार कोटींच्या आसपास; म्हणजे फरक लाखपटीचा. म्हणूनच हवेतील पोलादी नळी आवाजाला जवळजवळ पूर्ण परतविते. घन पदार्थात घन पदार्थ बसवायचा असेल, तर जड व कठीण पदार्थ हलक्या व मऊ पदार्थाच्या पोटात ठेवतात. इपॉक्सी राळेत पोलादाचे दांडे किंवा गोळे ही त्यातील नेहमीची जोडी आहे. दोन्ही पदार्थ सारखेच असतील तर कितीही नेटकी मांडणी करा, काही घडत नाही. भेद जितका मोठा, निषिद्ध पट्टा सामान्यतः तितका रुंद.

दुसरा निर्णय अंतराचा. वर सांगितल्याप्रमाणे कोणता स्वर अडवायचा, हे अंतर ठरविते. अंतर अर्धे केले की अडणारी वारंवारता दुप्पट होते.

तिसरा निर्णय जाळीच्या आकाराचा. केवळ एका दिशेने थर रचले तर ती एकमितीय रचना. दांडे उभे केले तर द्विमितीय. गोळे तिन्ही दिशांनी रचले तर त्रिमितीय. द्विमितीय रचनेत पुन्हा चौरस जाळी आणि मधमाशांच्या पोळ्याची आठवण करून देणारी त्रिकोणी जाळी असे प्रकार आहेत. त्रिकोणी जाळी सर्व दिशांनी अधिक सारखी दिसते, त्यामुळे अनेकदा सर्व दिशांचा निषिद्ध पट्टा तिच्यात सुलभतेने मिळतो.

चौथा निर्णय भरणीच्या प्रमाणाचा, म्हणजे एकूण जागेपैकी किती भाग आतील पदार्थाने व्यापावा याचा. ते फार कमी असेल तर परावर्तन दुर्बळ राहते.

घन पदार्थांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. हवेत ध्वनीच्या लाटा दाब-विरळतेच्या, एकाच जातीच्या असतात. घन पदार्थात पुढे-मागे आणि आडव्या अशा दोन्ही जातींची कंपने धावतात व त्यांचे वेगही वेगळे असतात. दोन्ही जाती एकाच पट्ट्यात अडल्या तरच वाट खऱ्या अर्थाने बंद झाली असे म्हणता येते. १९९८ साली स्पेनमध्येच अॅल्युमिनियमच्या पाटाला चौरस जाळीत भोके पाडून त्यांत पारा भरण्यात आला, आणि सुमारे दहा लाख हर्ट्झच्या, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या श्राव्यातीत ध्वनीसाठी असा निषिद्ध पट्टा प्रत्यक्ष मोजण्यात आला.

रचना मुद्दाम मोडण्यातही उपयोग आहे. नळ्यांची एक रांग काढून टाकली, तर निषिद्ध स्वराला सर्वत्र बंदी आणि त्या एका गल्लीतच मुभा राहते. मग आवाज कालव्यातील पाण्यासारखा त्या वाटेने, वळणासकट, नेता येतो.

जाड आवाजाची अडचण आणि तिच्यावरील उपाय

ज्यांची घरे महामार्गालगत किंवा रेल्वेरुळांजवळ आहेत, त्यांना ठाऊक आहे की खिडकी लावली तर हॉर्नचा तीक्ष्णपणा कमी होतो, पण ट्रकची घरघर भिंतीतूनही जाणवते. १०० हर्ट्झच्या आवाजाची हवेतील तरंगलांबी ३.४ मीटर. आतापर्यंतच्या नियमाने तो अडवायचा तर दांड्यांमध्ये १.७ मीटर अंतर हवे, आणि अशा अनेक रांगा हव्यात. एवढी जागा कोणाच्या अंगणात आहे? भिंत जाड करण्याचा उपायही खर्चिक आहे. भिंतीचे वजन दुप्पट केले तर आवाज साधारण ६ डेसिबेलने कमी होतो, आणि पुढच्या तेवढ्याच घटीसाठी वजन पुन्हा दुप्पट करावे लागते.

या कोंडीतून वाट काढली ती हाँगकाँगमधील संशोधकांनी. 'सायन्स' या नियतकालिकात २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रचनेत एक सेंटिमीटर व्यासाच्या शिशाच्या गोळीवर अडीच मिलिमीटर जाडीचे मऊ सिलिकॉन रबर चढविले होते. अशा गोळ्या तिन्ही दिशांना आठ-आठ याप्रमाणे, १५.५ मिलिमीटर अंतराने इपॉक्सी राळेत बसविल्या होत्या. या लहानशा ठोकळ्याने ४०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज अडविला. त्या आवाजाची हवेतील तरंगलांबी सुमारे ८५ सेंटिमीटर भरते, म्हणजे गोळ्यांमधील अंतराच्या पन्नास पटींहून अधिक. ब्रॅग यांच्या नियमाने हे होणे शक्य नव्हते.

येथे अडविण्याची रीतच वेगळी आहे. झोक्याला आपली एक नैसर्गिक लय असते. झोक्याची दोरी वरून धरून हात सावकाश हलविला तर झोका हाताबरोबर जातो. त्याच्या लयीपेक्षा थोड्या जलद गतीने हात हलविला, तर हात पुढे जाताना झोका मागे येतो, आणि हाताला उलटा हिसका बसतो. मऊ रबरातील जड शिसे हा असाच एक झोका आहे. त्याच्या नैसर्गिक लयीच्या किंचित वरच्या पट्ट्यात आवाज आला, की ठोकळा एका दिशेने ढकलला जात असताना आतील शेकडो गोळ्या विरुद्ध दिशेने ओढतात, आणि लाटेची पुढची चाल मोडते. येथे गोळीचे वजन आणि रबराचा मऊपणा यांवर अडणारा स्वर ठरतो; अंतराचे महत्त्व कमी होते. मात्र अडणारा पट्टा अरुंद असतो. महामार्गाचा आवाज अनेक स्वरांची खिचडी असल्याने एका मापाच्या गोळ्यांनी तो थांबत नाही. वेगवेगळ्या लयींच्या रचना एकत्र बसवून पट्टा रुंद करणे, हा या संशोधनाचा एक महत्त्वाचा भाग आहे.

खिशातील स्फटिक आणि जमिनीतील स्फटिक

हे सारे प्रयोगशाळेपुरतेच आहे असे वाटू नये. मोबाईल फोनला हवेतील असंख्य लहरींतून नेमकी आपली लहर निवडावी लागते. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या गाळणीत विद्युत संदेशाचे रूपांतर सूक्ष्म यांत्रिक कंपनात होते. हे कंपन खालच्या सिलिकॉनमध्ये झिरपू नये म्हणून त्याखाली सिलिकॉन डायऑक्साइड आणि टंगस्टन यांचे थर आळीपाळीने देतात. हलका-जड, हलका-जड असा हा एकमितीय ध्वनिस्फटिकच आहे. तो आरशासारखा कंपनाला वर परत पाठवितो. दर सेकंदास २०० कोटी कंपनांसाठी हे थर एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून पातळ असतात. कुडाच्या भिंतीचा वारसा येथवर आला आहे.

दुसऱ्या टोकाला जमीन आहे. फ्रान्समधील ग्रेनोबलजवळ २०१२ साली जमिनीत सुमारे ५ मीटर खोल व ३२ सेंटिमीटर व्यासाच्या विवरांच्या रांगा खोदून, यंत्राने निर्माण केलेली ५० हर्ट्झची कंपने त्यांवर सोडण्यात आली. कंपनांच्या ऊर्जेचा मोठा भाग विवरांच्या रांगांनी परतविला. यावरून भूकंपापासून गावे वाचविता येतील, असे स्वप्न पाहिले जाते. परंतु भूकंपाची घातक कंपने बहुधा १० हर्ट्झच्या खालची असतात आणि त्यांची तरंगलांबी दहा-वीस मीटरांपासून शेकडो मीटरांपर्यंत पसरते. त्यांना पुरेल अशी रचना फार अवाढव्य होईल. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली, ती प्रामुख्याने जाड दगड-मातीच्या घरांखाली दबून. त्यामुळे आज तरी भूकंपावरील आपला उपाय घराची बांधणी भक्कम करणे हाच आहे. नव्या शोधाचे कौतुक करताना त्याची मर्यादा सांगणे, हे शिक्षकाचे कर्तव्य आम्ही मानतो.

शाळेच्या अंगणात

आमच्या विद्यार्थ्यांच्या मनात एक समज घट्ट बसलेला आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. विज्ञान म्हणजे महागडी उपकरणे, दुर्मीळ पदार्थ आणि मोठ्या शहरातील प्रयोगशाळा. आपल्यासारख्यांना त्यातले पाठ करणेच शक्य, करून पाहणे नव्हे. ध्वनिस्फटिक या समजाला छेद देतो. त्याला लागणारे पदार्थ कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. लागते ती मोजमापाची अचूकता.

म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही एक प्रस्ताव ठेवितो. अडीच ते तीन सेंटिमीटर व्यासाचे, प्रत्येकी एक मीटर उंचीचे शंभर नळ घ्यावेत. पोलादाचे परवडत नसतील तर पीव्हीसीचेही चालतील, कारण हवेच्या तुलनेत तेही पुरेसे जड व कठीण आहेत. वर व खाली लाकडी फळी, तिला १० सेंटिमीटर अंतराने दहा गुणिले दहा भोके, आणि त्यांत हे नळ. मोकळ्या मैदानात, नळांच्या मधल्या उंचीवर, एका बाजूस लहान स्पीकर व दुसऱ्या बाजूस आवाज मोजणारे ॲप असलेला मोबाईल ठेवावा. १००० हर्ट्झपासून ३००० हर्ट्झपर्यंत स्वर हळूहळू चढवीत न्यावा, आणि नळांसह व नळांशिवाय, अशी दोन्ही मोजमापे वहीत टिपावीत. तिसांश सेल्सिअस तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर असतो, म्हणून उतार १७४५ हर्ट्झच्या आसपास यावयास हवा. नंतर सांगाडा ४५ अंशांत फिरवावा. आता रांगांमधील अंतर ७ सेंटिमीटरांच्या आसपास येते, आणि उतार २४७० हर्ट्झकडे सरकला पाहिजे. तसे घडले तर का, आणि नाही घडले तर कशामुळे, वरून वा बाजूने वळसा घालून आवाज पलीकडे गेला काय, हे मुलांनीच शोधावे.

आपल्या माजी विद्यार्थ्यांत सुतार आहेत, वेल्डिंग आणि प्लंबिंगची कामे करणारे आहेत, अभियंते आहेत. त्यांनी एका रविवारी सवड काढून भोके पाडण्यास आणि नळ कापण्यास हात लावावा, एवढीच विनंती. इतिहास आणि विज्ञान या विषयांत भिंत नसते, हे दाखविण्यासाठी त्या दिवशी आम्ही फूटपट्टी घेऊन हजर राहू. आणि नळांच्या मधून समोरचा मित्र स्पष्ट दिसत असताना त्याच्याकडून येणारा स्वर मंद होताना ज्या मुलाला ऐकू येईल, त्याला ब्रॅग यांचा नियम पाठ करावा लागणार नाही.